शनिवारी डायलिसिस, रविवारी कळसूबाई : आमच्या आत्याची केस

"तूच चढवलंस तिला," असं माझा आतेभाऊ बंगळुरूहून फोनवर ओरडला तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते, आत्या साताऱ्यात एका हॉस्पिटलात इमर्जन्सी डायलिसिसवर होती आणि मी पुण्याहून धावतपळत येऊन बाहेरच्या बाकड्यावर आतोबांच्या शेजारी गार झालेला चहा घेऊन बसले होते. चढवलंस म्हणजे दोन्ही अर्थानं, हरभऱ्याच्या झाडावर पण आणि कळसूबाईवर पण. तो काही खोटं बोलत नव्हता. ट्रेकच्या ग्रुपला फोन मीच केला होता, पैसे मीच भरले होते.

ही गोष्ट फेब्रुवारी 2023 ची. त्यानंतर आत्या अजून बरंच फिरली, थेट हिमाचलात जाऊन आली, आणि आता तिच्या डोक्यात जे आहे ते ऐकून डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. नात्यातले, ओळखीतले लोक सारखे विचारतात की तुम्ही तिला जाऊ कसं देता, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून काढतीये, जे चुकलं त्यासकट.

आधी पेशंटबद्दल

आत्या 1958 ची. जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती, 2016 ला रिटायर झाली. रोज पहाटे अजिंक्यतारा चढून उतरून मग शाळेत जाणारी बाई, साताऱ्यात असे लोक ढिगानं आहेत म्हणा, पण ही त्यातली कट्टर. पाऊस असो, लग्नघर असो, गड चुकायचा नाही. पन्नाशीच्या आसपास यूथ हॉस्टेलच्या कॅम्पमधून कसोलवरनं सर पास नावाची हिमाचलातली खिंड करून आली, तेव्हा अख्ख्या खानदानात बर्फ बघितलेली ती पहिली. आतोबा एसटीत हिशेबाच्या खात्यात होते, त्यांना घाटात गाडी लागते. जोडी अशी.

आजार पॉलिसिस्टिक किडनीचा. हा घराण्यातून येतो, आई किंवा बाप एकाला असेल तर प्रत्येक पोराला फिफ्टी फिफ्टी चान्स. किडनीत पाण्याच्या गाठी होत राहतात, वर्षानुवर्षं वाढतात आणि किडनी फुगत जाते. साधी किडनी दहा-बारा सेंटीमीटरची असते, आत्याची एक एकोणीस आणि एक एकवीस सेंटीमीटरची आहे. आमचे आजोबा बावन्नाव्या वर्षी गेले ते "किडन्या गेल्या" एवढंच आम्हाला माहीत होतं. बाबांची सोनोग्राफी स्वच्छ निघाली, आत्याची नाही. बाबा हे अजून बोलत नाहीत पण राखीपौर्णिमेला त्यांचा चेहरा बघवत नाही.

नोव्हेंबर 2021 पासून डायलिसिस सुरू. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सहाची शिफ्ट, चार तास. डाव्या हाताला मनगटाच्या वर फिस्टुला आहे, म्हणजे शीर आणि धमनी जोडून तयार केलेली जाड नस, तिच्यातच दोन सुया घालतात. त्यावर बोट ठेवलं की फ्रीजच्या पाठीला हात लावल्यासारखी बारीक थरथर लागते, तिला थ्रिल म्हणतात. आत्या रोज सकाळी उठल्याउठल्या आधी ती थरथर बघते मग देवाला हात जोडते. थरथर थांबली म्हणजे फिस्टुला बंद पडला, मग सगळंच अवघड. त्या हाताला बीपी लावायचं नाही, रक्त काढायचं नाही, बांगडी घड्याळ घट्ट नको, ओझं नको, उशाखाली घेऊन झोपायचं पण नाही.

ट्रान्सप्लांटचं लोक पहिल्यांदा विचारतात. बाबांना शुगर, आतोबांना दोन स्टेंट, मुलाची घ्यायची नाही असं तिनं स्वतःच सांगितलं आणि त्यामागचं कारण पुढे येईल. ब्रेनडेड दात्याच्या यादीत नाव घालायचं ती टाळत राहिली आणि पासष्टी जवळ आली तेव्हा आम्हाला वाटलं आता दार बंद झालं, पण 2023 मध्ये केंद्रानं पासष्टची अट काढून टाकली, मग पुण्याच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे दात्यांचे अवयव वाटप बघणाऱ्या केंद्राच्या, यादीत नाव गेलं. आता यादीत नाव म्हणजे फोन कधीही येऊ शकतो आणि आला की काही तासात हजर व्हायचं. भटक्या माणसासाठी हा पण एक दोर आहेच की पायाला.

डायलिसिसवाला माणूस आणि ट्रेकवाला सल्ला

हे मी जरा सावकाश सांगते कारण आमची चूक इथेच झाली, आणि माझ्यामते कुणाचीही होईल.

डोंगरात जाणाऱ्याला आपण काय सांगतो? भरपूर पाणी पी, केळं खा, खजूर ठेव, चिक्की ठेव, ओआरएस घे, उतरल्यावर नारळपाणी पी. यातलं एकूण एक डायलिसिसच्या पेशंटला चालत नाही. तिची लघवी जवळजवळ बंद आहे, त्यामुळं पोटात गेलेलं पाणी पुढच्या डायलिसिसपर्यंत अंगातच राहतं, थोडंफार घामावाटे जाईल तेवढंच. तिला दिवसाला चहा, ताक, आमटी सगळं धरून पाऊण ते एक लिटर. आणि पोटॅशियम. ते किडनीतून बाहेर पडतं, किडनी नाही तर साठतं, साठलं की हृदयाचे ठोके बिघडतात आणि त्याची आधी फार पूर्वसूचना मिळत नाही. एका शहाळ्यात साधारण पाचशे-सहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, एका मोठ्या केळ्यात चारशेच्या पुढे, आणि ओआरएसच्या पुडीत तर ते मुद्दाम घातलेलं असतं, जुलाब झालेल्या पोरासाठी ते बरोबरच आहे. अजून एक, आतोबांच्या बीपीसाठी घरात लो सोडियम मीठ आणलेलं होतं, त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. डाएटिशियननं डबा विचारला तेव्हा कळलं, नाहीतर आम्ही तब्येतीला चांगलं म्हणून तेच तिच्या भाजीत टाकत होतो.

पाणी किती काढायचं यालाही मर्यादा असते. तिचं ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी नसतानाचं वजन, 48 किलो. तासाला किलोमागे 13 मिलीच्या वर खेचू नये असं धरतात, म्हणजे तिचं तासाला सव्वासहाशे मिली, चार तासात अडीच लिटर. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन त्याहून जास्त वाढलं की ओढून काढावं लागतं, मग बीपी पडतं, पोटऱ्यांत गोळे येतात, घरी आल्यावर दिवसभर माणूस पोतं होऊन पडतो. पहिल्या वर्षी तिचं असंच चालायचं. तीन साडेतीन किलो वाढवून जायची, वर पाच वेळा दांडी पण मारली, "आज नको गं, अंगात नाही त्राण" म्हणून.

कळसूबाई

डायलिसिस सुरू होऊन वर्ष झालं आणि आत्या म्हणाली, मला कळसूबाईला जायचंय. 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, तिचं चार वेळा झालेलं. तिच्या नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीच्या डॉक्टर) मॅडमनी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, बघितला, हिमोग्लोबिन बघितलं आणि हो म्हणाल्या. या आजारात एक गंमत आहे, गाठींनी भरलेल्या या किडन्या रक्त वाढवणारं हार्मोन थोडंफार बनवत राहतात, म्हणून डायलिसिसच्या इतर पेशंटपेक्षा यांचं हिमोग्लोबिन बरं असतं. आत्याचं अकराच्या पुढे होतं. मॅडम म्हणाल्या, शनिवारी डायलिसिस झालं की रविवारी जा, सोमवारी नाही. शनिवार ते मंगळवार हा आठवड्यातला मोठा गॅप, त्याच्या शेवटी शेवटी धोका जास्त.

तर शनिवारी सकाळी डायलिसिस, दुपारी ग्रुपचा टेम्पो ट्रॅव्हलर, आत्या मागच्या सीटवर आडवी. रात्री बारी गावात मुक्काम, पहाटे चारला चढाई. शिड्यांची भीती होती मला, डाव्या हातानं कठडा धरताना आपटला तर, म्हणून तिनं जुन्या स्वेटरची बाही कापून त्यात फोम घालून एक गार्ड शिवला होता, सैल, फक्त धक्क्यापुरता. साडेनऊला देवळापाशी पोचली. मी तिच्या मागोमाग होते. वर पोचल्यावर ती काही बोलली वगैरे नाही, देवीपुढे बसली, बाही वर करून थरथर बघितली आणि मला म्हणाली, "चालू आहे."

इथपर्यंत सगळं छान. उतरताना ऊन तापलं. ग्रुपचा लीडर चांगला पोरगा, एकदम काळजीवाहू, त्याला आत्याला "किडनीचा त्रास" आहे एवढंच माहीत होतं, आणि किडनीचा त्रास म्हणजे आपल्याकडे मुतखडा, आणि मुतखड्याला काय तर पाणी प्या. त्यानं ओआरएसची बाटली करून दिली. मी मागे दुसऱ्या एकीच्या पायाला क्रेप बँडेज बांधत होते. आत्याला तहान लागलेली होती, तिला कळत नव्हतं असं अजिबात नाही, तिनं नंतर स्वतः कबूल केलं की कळत होतं. बाटली संपवली, अजून एक घेतली, खाली बारीत कुणीतरी खजुराचा लाडू दिला तो खाल्ला, अर्धं केळं.

सोमवारी रात्री जिना चढताना पाय उचलेनात. आतोबांनी रिक्षा केली. ईसीजी बिघडलेला, पोटॅशियम 7.1. कॅल्शियमचं इंजेक्शन, इन्सुलिन ग्लुकोज, आणि रात्री टेक्निशियनला घरून बोलावून मशीन सुरू. मग तो अडीचचा फोन.

दोष कुणाचा यावर आमच्याकडे आठवडाभर चर्चा झाली. आतेभावाच्या मते माझा, आईच्या मते आत्याच्या जिभेचा, आतोबा काहीच बोलले नाहीत. माझं मत असं की डोंगरानं तिला आजारी पाडलं नाही, एका बाटलीनं पाडलं, आणि ती बाटली साताऱ्यात एखाद्या लग्नातही कुणीतरी हातात दिलीच असती. पण हेही खरं की लग्नात तिला तेवढी तहान लागली नसती. म्हणजे माझं मत पूर्ण सुटत नाही, तसंच राहू दे.

एक गोष्ट मात्र लगेच केली. खिशाएवढं कार्ड लॅमिनेट करून आणलं, गळ्यात अडकवायचं. त्यावर मोठ्या अक्षरात: मी डायलिसिसवर आहे. पाणी, ओआरएस, नारळपाणी पाजू नका. डाव्या हाताला सुई, बीपी, ओढाओढ नको. चक्कर आली तर झोपवा, पाय वर करा, या नंबरवर फोन करा. आत्याला आधी ते आवडलं नाही, "शेळीच्या गळ्यात पट्टा बांधल्यासारखं" म्हणाली. आता स्वतःच शोधून घालते.

वही

कळसूबाईनंतर घरात ठराव झाला की फिरणं बंद. मार्च ते जून बंदच होतं. जूनमध्ये मी साताऱ्याला गेले तेव्हा सहज म्हणून तिची डायलिसिसची वही चाळली. प्रत्येक वेळचं आधीचं वजन, नंतरचं वजन, बीपी, कधी गोळे आले, कधी उलटी, सगळं आत्यानं शाळेच्या हजेरीसारखं रेघा मारून लिहिलेलं. मी फोनवर फोटो काढले आणि एका रविवारी ते सगळे आकडे एक्सेलमध्ये भरले, मला सवय आहे, ऑफिसात दुसरं काय करतो आपण.

जे दिसलं ते असं. कळसूबाईचं ठरल्यापासून जायच्या दिवसापर्यंत पावणेदोन महिने दोन डायलिसिसच्या मध्ये तिचं वजन एकदाही दोन किलोच्या वर वाढलेलं नव्हतं आणि एकही दांडी नव्हती. त्याच्या आधी आणि ठरावानंतर परत तीनला टेकलेलं. मार्चनंतर दोन दांड्या. तोच माणूस, तेच मशीन, तीच गोळ्यांची पिशवी.

मी लगेच नाचले नाही. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळा, माणूस जास्त पाणी पिणारच, आणि ट्रेक थंडीत, तर आकडे तसे दिसणारच असं मलाही वाटलं. म्हणून डिसेंबर 2021, जानेवारी 2022 बघितलं, तेव्हा कसलाच बेत नव्हता, थंडी मात्र तीच. तिथेही तीन. एका बाईच्या एका वहीवरून काय सिद्ध होतं असं कुणी म्हटलं तर बरोबर आहे, काही नाही होत. पण आम्हाला औषध एका बाईलाच द्यायचं होतं.

मी तिला विचारलं तर म्हणाली, "अगं तहान लागली की मी घोट तोंडात घेते, खुळखुळवते आणि थुंकते. पण ते करायला काहीतरी कारण लागतं ना. नुसतं जगायला कोण थुंकतं?"

मॅडमना वहीचे आकडे दाखवले. त्या बराच वेळ बघत बसल्या आणि मग म्हणाल्या, यांच्यासमोर कायम काहीतरी ठेवा, पण काय ठेवायचं ते मी ठरवणार. आमच्या पुढच्या दीड वर्षाचा करार तो हाच. त्या पावसाळ्यात कास, मग दोनदा रायगड (जाताना पायऱ्यांनी, येताना रोपवे), मग पाचनईकडून हरिश्चंद्रगड आणि कोकणकड्यावर एक रात्र. यातल्या एकाही वेळी काही झालं नाही म्हणून मी त्याबद्दल लिहीत नाही, एवढंच की कोकणकड्यावर तिनं रात्रभर वाऱ्यात बसून एक कप चहा चार तास पुरवला.

स्पिती मागितलं, सिस्सू मिळालं

2024 च्या उन्हाळ्यात ती म्हणाली स्पिती, हिमाचलातलं उंचावरचं खोरं. मनालीहून कुंझुम खिंड ओलांडून काझा गाव. नकाशा तिनं फ्रिजवर चिकटवला होता.

तिचं गणित तयार होतं. शनिवारी कुल्लूच्या बाजूला डायलिसिस, रविवारी पहाटे निघून रात्री काझा, सोमवारी परत, मंगळवारी डायलिसिस. कागदावर बसतं. मॅडमनी एकच विचारलं, सोमवारी रस्ता बंद झाला तर? त्याच्या आदल्या वर्षी जुलैत बियासला पूर येऊन कुल्लू-मनालीचा हायवेच ठिकठिकाणी वाहून गेला होता, तो तर मोठा रस्ता, हा तर नाल्यातनं जाणारा. वर कुंझुम साडेचार हजार मीटरच्या पुढे. उंचीवर बऱ्याच जणांना देतात ती डायमॉक्सची गोळी हिला चालणार नाही, ती किडनीवाटेच बाहेर पडते, म्हणजे हिच्या अंगात साठत जाईल आणि मेंदूवर परिणाम होईल. तर स्पिती नाही. मग आत्यानं पॅराग्लायडिंग काढलं. तेही नाही, कारण पट्टे पोटावर आवळतात, उतरताना झटका बसतो, आणि एकवीस सेंटीमीटरची किडनी म्हणजे बरगड्यांच्या आडोशाला न मावणारी पाण्याच्या फुग्यांची पिशवी, एखादी गाठ फुटली की आत रक्तस्राव. त्याच कारणासाठी घोडा पण नाही.

घासाघीस होऊन ठरलं: मुक्काम खाली कुल्लूत, जे बाराशे-तेराशे मीटरवर आहे, आणि अटल टनेलमधून एका दिवसात लाहौलमधलं सिस्सू, साधारण 3100 मीटर, दोन तास थांबून झोपायला परत खाली. पूर्वी लाहौलला जायला रोहतांग चढावा लागायचा, 2020 पासून नऊ किलोमीटरचा बोगदा आहे, आत शिरलं की मिनिटं मोजेस्तोवर पलीकडे. आत्याला हे जरा अपमानास्पद वाटलं, "डोंगराच्या पोटातनं काय जायचं" वगैरे, पण तयार झाली. महिना ऑक्टोबर, पाऊस संपलेला, बर्फ यायचं असलेलं. यादीतलं नाव तेवढे दहा दिवस थांबवायला कोऑर्डिनेटरला सांगून ठेवलं, कारण तिथून काही तासात येणं शक्यच नव्हतं. त्या दहा दिवसात किडनी आली असती तर, हा विचार सगळ्यांच्या मनात होता, बोललं कुणी नाही.

दुसऱ्या गावात डायलिसिस मिळतं का, तर मिळतं. सरकारचा डायलिसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम 2016 पासून आहे, त्यामुळं जिल्ह्याच्या ठिकाणी बऱ्याच जागी मशीन आहेत, खाजगीही असतात. आधी फोन करून स्लॉट घ्यायचा. बरोबर कागद लागतात: ड्राय वेट, हेपॅरिनचा (मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात ते) डोस, डायलायझर (रक्त गाळणारा फिल्टर) कुठला, फिस्टुला कुठे, शेवटच्या तीन वेळचे चार्ट, आणि हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्हीचे रिपोर्ट, कारण मशीन सामायिक असतात. रक्त वाढवायचं इंजेक्शन दोन ते आठ डिग्रीत ठेवावं लागतं, त्यासाठी आतोबांनी रुंद तोंडाचा थर्मास आणि जेल पॅक आणले.

एवढं करून शेवटी माती खाल्लीच आम्ही. सोमवारी संध्याकाळी पोचलो, मंगळवारी सकाळी सेंटरवर गेलो, तिथल्या मुलानं फाईल बघितली आणि म्हणाला व्हायरल रिपोर्ट चार महिने जुने आहेत, नवे लागतील. बरोबर होतं त्याचं. मी "रिपोर्ट" वर टिक केली होती, तारीख बघितली नव्हती. फोनवर कुणी तारीख विचारली नव्हती आणि मी सांगितली नव्हती. मग लॅब शोधा, रक्त द्या, रिपोर्टची वाट बघा. मोठा गॅप आधीच संपत आलेला, वजन दोन किलो वर. आत्या सेंटरच्या बाहेर उन्हात खुर्ची टाकून बसली, समोर देवदार होते, आणि मला म्हणाली, तू रडू नकोस, तू रडलीस की मला तहान लागते. संध्याकाळी पाचला मशीन मिळालं, रात्री नऊला सुटली.

बुधवारी सिस्सू. बोगद्याच्या अलीकडे हिरवं, झाडं, सफरचंदाच्या पेट्या, आणि पलीकडे बाहेर आलं की एकदम उघडे डोंगर आणि स्वच्छ निळं आकाश, चंद्रा नदी. बोटाला ऑक्सिमीटर लावला, 89. बागेच्या बाजूनं नदीकडे एक पायवाट आहे, ती म्हणाली एकटी जाते. मी पन्नास पावलं मागे राहिले. ती वाकली, दोन्ही हातांची ओंजळ पाण्यात बुडवली, तोंडावर मारली, मग परत एक ओंजळ घेतली आणि तोंडात घेतली. मी ओरडणार एवढ्यात तिनं ती खुळखुळवून बाजूला थुंकली. मागं वळून माझ्याकडं बघितलं, मला कळलंय हे तिला कळलं, आणि ती शाळेतल्या बाईसारखी हसली.

गुरुवारी डायलिसिस वेळेवर. शुक्रवारी वशिष्ठवरून जोगिनी धबधब्यापर्यंत चालली, दमली, अर्ध्यात बसली, परत उठली. आकाशात कुणाचेतरी रंगीत ग्लायडर दिसले तेव्हा दोन तास गप्प होती. त्याला इलाज नव्हता.

आतोबा

या सगळ्यात एका माणसाबद्दल कुणी विचारत नाही. ज्या माणसाला घाटात गाडी लागते तो प्रत्येक ट्रिपला येतो. फाईल, थर्मास, वजनकाटा (हो, वजनकाटा, बाथरूमचा, तो हिमाचलात पण आला), जेवणाबरोबर घ्यायच्या फॉस्फरस कमी करणाऱ्या गोळ्या मोजून डबीत. कुल्लूला जाताना तीनदा गाडी थांबवली त्यांच्यासाठी. सिस्सूला आम्ही नदीवर होतो तेव्हा ते गाडीत बसून ड्रायव्हरला विचारत होते की इथून जवळचं हॉस्पिटल किती किलोमीटर. रात्री मला म्हणाले, "तिला डोंगर दिसतो, मला दवाखाना कुठाय ते दिसतं."

मी आत्याला हे सांगितलं. मला वाटलं वाईट वाटेल. ती म्हणाली, "माहितीये मला. चाळीस वर्षं मी त्यांच्या गावची जत्रा केली, एकदा तरी विचारलं का कुणी मला आवडते का?" आता यावर मी काय बोलणार. पण परत आल्यावर एक बदल झाला, दर दोन ट्रिपनंतर एक वेळ आतोबा घरी राहणार आणि मी किंवा बाबा जाणार. बाबा पहिल्यांदा गेले ते सज्जनगडाला. उतरताना त्यांनी वजनकाटा स्वतः उचलला, कुणाला देईनात.

आत्ता काय चाललंय

स्पितीचा नकाशा फ्रिजवरच आहे. मध्यंतरी तिनं कुठूनतरी ऐकलं की पोटाचं डायलिसिस असतं, सीएपीडी, त्यात मशीन लागत नाही, पोटात नळी असते आणि दोन लिटरची पिशवी दिवसातनं तीन-चारदा स्वतःच बदलायची. झालं. तिनं हिशेब मांडला, दिवसाला चार पिशव्या म्हणजे आठ किलो, पाच दिवसाचे चाळीस, आणि मला फोन करून विचारलं की खेचर किती वजन नेतं गं. मॅडमनी चष्मा काढला तो या प्रश्नाला. किडन्यांनीच एवढी जागा खाल्लेल्या पोटात दोन लिटर मावतील का, आणि तंबूत धुळीत पिशवी बदलताना जंतू गेले तर काय, असे दोन प्रश्न त्यांनी कागदावर लिहून दिले आणि उत्तर पुढच्या भेटीत. नाही म्हणाल्या नाहीत.

आणि आतेभाऊ. तो अजून दर वेळी फोन करून भांडतो, लोकेशन मागतो, ट्रिपच्या रात्री झोपत नाही. एकोणचाळीस वर्षांचा आहे. त्यानं स्वतःची सोनोग्राफी अजून केलेली नाही. पोटाची सोनोग्राफी, दहा मिनिटांचं काम, त्याला वेळ नसतो. आत्या त्याची किडनी घ्यायला तयार नव्हती ती यासाठी, तपासणीत काय निघेल याची तिला जास्त भीती.

दिवाळीत तो आला होता. जेवताना स्पितीवरून सुरू झालं, त्याचा आवाज चढला, आतोबा ताटावरून उठले. आत्यानं त्याला शांतपणे सांगितलं, तू सोनोग्राफी करून ये, मी यावर्षी स्पितीचं नाव काढत नाही.

तो बराच वेळ भात चिवडत बसला, मग म्हणाला, "बघू गं, पुढच्या महिन्यात."

"मग मी पण बघते," आत्या म्हणाली आणि पाण्याच्या भांड्यातनं मोजून एक घोट घेतला.